वावर कोणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या ब्लॅक बेल्ट या पट्ट्यात नवीन माणसाला आधी विचारतात, तुमची माणसं कोण, कुठली? यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर हेच विचारतात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते लगेच आलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं. ‘घरी जमीन आहे का?’ मी सांगितलं, आहे थोडी, कोरडवाहू. ‘कागद नीट आहेत?’ अमेरिकेत इतकी वर्षं राहून हा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता. आणि मी तलाठ्याची मुलगी.

इथे आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, केलेल्या परदेशी डॉक्टरांना ती संपल्यावर 2 वर्षं मायदेशी परतावं लागतं. पण जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात 3 वर्षं काम केलं, तर ही अट माफ होऊ शकते. या सवलतीखाली प्रत्येक राज्याला वर्षाला 30 डॉक्टरांची शिफारस करता येते. दक्षिणेकडच्या कितीतरी लहान गावांत भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन डॉक्टर दिसतात ते यामुळे. गावकऱ्यांनाही हे ठाऊक असतं. दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता म्हातारी माणसं सरळ विचारतात, ‘डॉक्टर, तुमची तीन वर्षं कधी संपतात?’ त्यात राग नसतो. बरेच जण येऊन गेलेले त्यांनी पाहिलेले असतात.

आमचं गाव सेल्मापासून गाडीने जवळ. पहिल्या पावसातच अंगणातली माती चपलेला चिकटून वीतभर चढली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. ब्लॅक बेल्ट हे नाव आधी मातीवरून पडलं. जिथे कृष्णवर्णीय लोकवस्ती जास्त तो पट्टा, हा अर्थ त्याला नंतर चिकटला. दोन्हींचं मूळ एकच. काळी माती कापसाला उत्तम, म्हणून गुलाम करून आणलेली माणसं इथेच सर्वांत जास्त राबवली गेली. आपली काळी बेसॉल्टची, इथली जुन्या समुद्रतळाच्या चुनखडीवरची. वागणूक मात्र सारखी. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, घरांच्या भिंती तडकवते.

शेजारच्या आजींनी ऐंशी कधीच ओलांडलीय. शाळेत स्वयंपाकीण होत्या. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारते आणि प्रत्येक उत्तराला ‘येस मॅम’ म्हणते. त्या मला ‘बेबी’ म्हणतात, आपण ‘बाळा’ म्हणतो त्या सुरात. घरामागे त्यांची बाग आहे. भेंडी, चवळी, मका, रताळी, कोलार्डची पानं. भेंडीच्या झाडाशी आमचं पहिलं लांबलचक बोलणं झालं.

‘ही तुमच्याकडे होते?’

‘घरोघरी.’

‘मग कशी करता?’

चिरून, तेलावर परतून, तार जाईपर्यंत, मी सांगितलं. त्या मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मग चवळीवर बोललो, मग ज्वारीवर. त्यांच्या लहानपणी ज्वारीचे धांडे खेचराच्या घाण्यात पिळून त्याची काकवी करायचे. कणसाचं पीठ कुणी खात नसे, ते कोंबड्यांना. मी अटलांटाहून आणलेल्या पिठाची भाकरी थापून नेली, तर त्यांनी ती काकवी लावून खाल्ली आणि दुसरी मागितली. भेंडी, चवळी, ज्वारी ही तिन्ही मुळात आफ्रिकेची पिकं. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी समुद्रावरच्या व्यापारातून आली असावीत, इथे भेंडी आणि चवळी आली त्यांच्या पूर्वजांना कोंबून आणणाऱ्या जहाजांबरोबर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुझ्या आजीच्या आणि माझ्या आजीच्या चुलीवर एकच भाजी होती.’ मग त्यांनी बियांची पुडी बांधून दिली.

कापसावर बोलायला त्यांना फार वेळ लागला. माझ्या लहानपणी आमच्या वावरात बाया कमरेला ओटी बांधून वेचायच्या, किलोवर मजुरी मिळायची, हे मी सांगत राहिले, तेव्हा एकदा त्या बोलू लागल्या. त्यांची पिशवी खांद्यात अडकवून मागे ओढायची असे, मोठ्या माणसाहूनही लांब. मजुरी शंभर पौंडांवर. कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेचणी आटोपल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू व्हायची. वडील बटईने शेत करत. डिसेंबरात हिशेबासाठी मालकाच्या घरी जात आणि परत आले की त्या रात्री कुणाशी बोलत नसत. ‘वही मालकाची, पेन्सिलही मालकाची,’ आजी म्हणाल्या. बियाणं, खत, मालकाच्याच दुकानातून उधार आणलेलं पीठ, त्यावरचं व्याज. सगळं वजा जाता वर्षाअखेर देणं उरायचंच. म्हणून पुढचं वर्षही तिथेच.

ही वही आपल्यालाही ओळखीची आहे. 1861 ते 1865 या काळात इथल्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड पसरलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मागे राहिलं. पुणे-नगर भागात 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, त्यामागे हे कर्जही होतं. आजींच्या पणजोबांची सुटका ज्या युद्धात झाली त्याच युद्धाने आमच्याकडचा शेतकरी बाजारभावाच्या दोरीला बांधला गेला. हे शाळेत शिकले होते, पण त्या पायरीवर बसून ऐकताना ते इतिहासाच्या पुस्तकातून बाहेर आलं.

आता कापूस थोड्याच शेतांत दिसतो. एक अवाढव्य यंत्र काही तासांत वावर उलगून टाकतं. 1910 च्या सुमारास बोंडात शिरणारा सोंड्या भुंगा अलाबामात पोहोचला आणि त्याने पीक पोखरून काढलं. मग गुरांची कुरणं आली, सोयाबीन आलं, आणि आता मैलोन्‌मैल ओळीत लावलेली पाइन. पाइनचे मालक बहुधा कुठेतरी दूर राहतात.

गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे तिथलं कामकाज पाहणारे, आहेत, म्हणून मी त्यांना डीकनच म्हणते. माझे वडील तलाठी होते हे कुठूनतरी त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, तलाठी म्हणजे काय? मी म्हटलं, गावातल्या प्रत्येक तुकड्याचा उतारा ठेवणारा माणूस. जमीन कोणाची, पीक कोणतं, बोजा कोणाचा, म्हातारा गेला की वारस कोण. डीकन थोडा वेळ गप्प राहिले. नंतर आत जाऊन त्यांनी पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणला.

डब्यात त्यांच्या पणजोबांनी घेतलेल्या 40 एकरांचं खरेदीखत होतं, करभरण्याच्या पावत्यांचा गठ्ठा होता. मृत्युपत्र कुणाचंच नव्हतं. पणजोबा मृत्युपत्राशिवाय गेले, आजोबाही, वडीलही. अशा जमिनीला इथे ‘एअर्स प्रॉपर्टी’ म्हणतात, वारसांची सामायिक मालकी. कागदावर नाव पणजोबांचंच, हक्क मात्र डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलँडला विखुरलेल्या सगळ्या भावाबहिणींच्या लेकरांचा. अशा सातबाऱ्यांनी माझ्या वडिलांचं दप्तर भरलेलं असे, पण इथला धोका वेगळा आहे. एखादा दूरचा पुतण्या आपला बारीकसा हिस्सा बाहेरच्या कंपनीला विकतो. कंपनी सहमालक होते आणि कोर्टात वाटपाचा दावा लावते. इतक्या जणांत जमीन वाटता येत नाही म्हणून कोर्ट लिलाव करायला सांगतं. लिलावात रोख पैसा कोणाकडे? कंपनीकडे. पिढ्यान्‌पिढ्या कर भरणारं घर हातात किरकोळ रक्कम घेऊन बाहेर पडतं.

1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे सुमारे दीड कोटी एकर जमीन होती. गुलामगिरी संपून अर्धं शतकही झालेलं नव्हतं, तेवढ्यात मजुरीतून पैसा जोडून घेतलेली. त्यातली बहुतेक गेली. काही धमकीने, काही कर्जाने, काही सरकारी कृषी खात्याच्या कार्यालयांत कर्जाचे अर्ज वर्णावरून अडवल्यामुळे, आणि खूपशी अशा लिलावांत. कर्जातल्या भेदभावाचा खटला 1999 मध्ये तडजोडीने मिटला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. तोवर कितीतरी अर्जदार वारले होते.

‘मृत्युपत्र का नाही केलं?’ मी विचारलं. डीकन म्हणाले, ‘कोर्टात जाऊन गोऱ्या कारकुनाला सांगायचं की आमच्याकडे जमीन आहे? माझ्या आजोबांच्या काळात ते गुपित ठेवायची गोष्ट होती.’ अशिक्षितपणा, आळस असं याचं वर्णन मी बाहेर ऐकलेलं आहे. ते मला पटत नाही. ज्या कचेरीने तुम्हाला मतदार म्हणून नाव नोंदवू दिलं नाही, त्याच कचेरीत सातबारा ठेवायला कोण जाईल?

जमिनीचा आणि मताचा संबंध मला गीज बेंडला गेल्यावर समजला. अलाबामा नदी तिथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेते आणि तीन बाजूंनी पाणी असलेला एक गाव बनतो. नकाशावर त्याचं नाव बॉयकिन. 1845 मध्ये मार्क पेटवे नावाच्या मळेवाल्याने तो मळा घेतला आणि नॉर्थ कॅरोलायनाहून गुलामांना चालवत आणलं. आजही गावात घरोघरी आडनाव पेटवे. 1932 मध्ये नदीपलीकडच्या कॅम्डेनच्या एका व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी उधारीपोटी गाव धुऊन नेला. गुरं, अवजारं, मका, रताळी, सगळं. तो हिवाळा लोकांनी रेडक्रॉसच्या धान्यावर काढला. मग रूझवेल्टच्या सरकारने तो मळा विकत घेतला, घरं बांधली आणि 1940 च्या दशकात स्वस्त कर्जावर जमीन कसणाऱ्यांच्याच नावावर केली. आपल्याकडे कूळ कायद्याने जे व्हायला हवं होतं तेच. अमेरिकेच्या दक्षिणेत असं घडल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याएवढी.

गोधड्यांमुळे हे गाव आता जगाला माहीत आहे. फाटक्या कामाच्या पँटींपासून तिथल्या बायांनी शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तिथे एका बाईंशी बोलत बसले होते, त्यांनी गोधडी दाखवली आणि विषय लगेच बदलला. ‘लोक हेच विचारतात. 1965 चं विचार ना.’ त्या वर्षी फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग गावात आले होते. गावातली माणसं कॅम्डेनला मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागली. त्याआधी 1962 मध्येच नदीवरची फेरीबोट बंद केली गेली होती, पलीकडचं कॅम्डेन रस्त्याने 40 मैलांवर गेलं. ‘ते काळे आहेत म्हणून नाही, काळे आहेत हे विसरले म्हणून बंद केली,’ असं तेव्हाचा शेरीफ म्हणाला होता अशी आठवण तिथे सांगतात. फेरी पुन्हा सुरू झाली 2006 मध्ये. 44 वर्षं.

‘तरीही आम्ही गेलो,’ त्या बाई म्हणाल्या. ‘आम्हाला घराबाहेर कोण काढणार होतं? घर आमचं होतं.’

याच्या उलट घडलं शेजारच्या लाउंड्स काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात. मार्च 1965 च्या आधी तिथे बहुसंख्य असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं. ज्यांनी ते नोंदवलं त्या बटईदारांना मालकांनी खोपटांतून बाहेर काढलं. डिसेंबरपासून त्यांतली कित्येक कुटुंबं हायवे 80 च्या कडेला तंबूंत राहिली, काही जण सुमारे दोन वर्षं. तंबूंची जागा कृष्णवर्णीयांच्याच मालकीची होती. मताच्या हक्कासाठी निघालेला सेल्मा ते मोंटगोमेरी हा 54 मैलांचा मोर्चाही मुक्कामाला थांबला तो डेव्हिड हॉल, रोझी स्टील आणि रॉबर्ट गार्डनर या कृष्णवर्णीय मालकांच्या शेतांवर. मी त्या रस्त्याने आठवड्याचं सामान आणायला जाते. मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या तो सेल्माचा पूल सगळ्यांना माहीत असतो, त्याचे फोटो असतात. पण त्या तीन शेतांशिवाय मोर्चेकरी रात्री कुठे झोपले असते? माझ्या मते या लढ्याच्या गोष्टीत सातबारा असणाऱ्या माणसांना त्यांची जागा मिळालेली नाही.

लाउंड्समधल्या एका बाईंकडे मी औषधं पोचवायला जात असे. त्यांच्या ट्रेलर-घरामागून एक प्लास्टिकचा पाइप निघतो आणि सांडपाणी थेट खड्ड्यात जातं. वस्ती विरळ, गटारांचं जाळं नाही, आणि नेहमीचा सेप्टिक टँक या मातीत चालत नाही. पाणी झिरपतच नाही, पावसात मैला उलटा घरात येतो. इथे चालेल अशी उंचवट्याची यंत्रणा बसवायची तर हजारो डॉलर लागतात, कधी घराच्या किमतीइतके. 2017 मध्ये तज्ज्ञांना या काउंटीत मैल्यातून पसरणाऱ्या अंकुशकृमीच्या खुणा सापडल्या आणि जगभरच्या वार्ताहरांची रीघ लागली. 2023 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने राज्याशी याबाबत करार केला. 2025 च्या एप्रिलमध्ये नव्या सरकारने तो मोडीत काढला. त्या बाई या सगळ्याबद्दल मोजकंच बोलतात. ‘पाइपचे फोटो काढायला येतात. माझी द्राक्षं कुणी बघत नाही.’ मागे मस्कडाइनच्या जाड सालीच्या द्राक्षांचा मांडव आहे. मी विचारलं, मोंटगोमेरीला मुलीकडे का जात नाही? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘हा एक एकर माझ्या आईने धुणी धुऊन घेतलाय.’

तीच चिकण माती पाणी धरून ठेवते, म्हणून पश्चिमेकडच्या काउंट्यांत तिच्यावर कॅटफिशची तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्यांच्या मालकाशीही माझं बोलणं होतं. गोरे, साठीचे, अतिशय अगत्यशील; आमची गाडी चिखलात रुतली तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आले आणि जाताना पीकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा डबा ठेवून गेले. आयात माशांनी भाव पाडला याचं दुःख ते सांगतात, मुलं अटलांटाहून परतणार नाहीत याचंही. त्यांची मुलं खासगी ‘अकॅडमी’त शिकली. वर्णभेद मोडून शाळा एकत्र करण्याची वेळ आली तेव्हा गोऱ्या पालकांनी अशा शाळा काढल्या, आणि गावची सरकारी शाळा आजही जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय आहे. त्याविषयी विचारलं तर ते म्हणाले, ‘तेव्हा सगळेच तसं करत होते. पण आमच्या गावात सगळ्यांचं जमायचं.’ मी त्यांना खोटं पाडलं नाही, पण ते मला मान्यही नाही. अलाबामात जमिनीवरचा कर देशात सर्वांत कमी असणाऱ्यांत मोडतो, त्यामुळे हजारो एकर पाइनच्या मध्यावरच्या शाळेत छत गळतं. ज्याची मुलं त्या शाळेत जात नाहीत त्याला कर वाढावा असं का वाटेल? ‘सगळ्यांचं जमायचं’ हे वाक्य आजींकडून, डीकनांकडून किंवा द्राक्षांच्या मांडवाखाली मी एकदाही ऐकलेलं नाही.

डीकनांच्या डब्याचं काम आम्ही हाती घेतलंय. जुलैत त्यांच्या घराण्याचा मेळा असतो. उत्तरेतून गाड्या भरून माणसं येतात, सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, चर्चच्या हॉलमध्ये मासे तळणं चालू. या वेळी आम्ही भिंतीवर लांब कागद लावला आणि वंशावळ लिहायला घेतली. वडील यवतमाळहून व्हिडिओ कॉलवर. मी भाषांतर करायचे, ते सांगायचे, ‘आधी मेलेले लिव, मंग जिते. सुना, जावई सोडू नको.’ म्हाताऱ्या बायकांनी अशी नावं सांगितली जी कोर्टाच्या कुठल्याच कागदावर नव्हती. डेट्रॉइटचा एक पुतण्या म्हणाला, मला पैसे हवेत, मी विकणार. डीकनांनी शांतपणे सांगितलं की 2015 पासून अलाबामात नवा कायदा लागू आहे. कुणी लिलावाने विक्री मागितली तर कोर्ट आधी जमिनीची खरी किंमत ठरवतं आणि बाकीच्या वारसांना त्या किमतीला त्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी मिळते. ‘तू विक. पण आधी आम्हाला.’ पुतण्याने ती जमीन कधी पाहिलेलीच नव्हती. दुपारी त्याला घेऊन सगळे शेतावर गेले.

वकिलाने यादी मागितली आहे, ती तयार होत आलीय. वडिलांनी दर कॉलला एकच विचारलंय, चतुःसीमा लिहिल्या का? उत्तरेला ओढा, दक्षिणेला काउंटीचा रस्ता, पश्चिमेला चर्चची दफनभूमी. पूर्वेला पाइनवाल्या कंपनीचं कुंपण आहे आणि डीकनांच्या मते ते पूर्वी ओकच्या झाडापलीकडे होतं. पूर्वेचा धुरा मोजायला सर्वेअर ऑक्टोबरात येतोय.